पहिलं वाक्य

सकाळी नवऱ्यावर तणतणून शाळेत आले आणि त्याच रागात फळ्यावर परिच्छेद लिहिला.

‘आमच्या घरात एक लुडबुडे गृहस्थ आहेत. मी निघाले की ते माझी पिशवी उघडून डबा ठेवलाय का बघतात. माझा चष्मा न विचारता पुसून ठेवतात. मी कोपऱ्यावर वळेपर्यंत खिडकीतून हलत नाहीत.’

मुलांना म्हटलं, “मुख्य कल्पना शोधा. बाकीची वाक्यं तिच्या बाजूने बोलतात का, ते एकेका वाक्याला विचारून बघा.”

माझ्या मते उत्तर ढळढळीत समोर होतं. पोरंही पहिल्या वाक्याखाली रेघ मारून मोकळी झाली. एक मुलगी तेवढी पेन्सिल चावत बसली होती.

“तुझं काय अडलंय?” मी खेकसलेच.

“बाई, खालची वाक्यं पहिल्याच्या बाजूने बोलतच नाहीत. त्या काकांना तुमची काळजी वाटते, असं सांगतात. पहिलं वाक्यच चुकलंय.”

आता हिची काही खैर नाही, असं सगळ्यांना वाटलं असावं. मी फळा पुन्हा वाचला. मग डस्टरने पहिलं वाक्य पुसलं आणि खडू तिच्या हातात दिला.

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं, तर ह्यांनी लगेच पिशवीत डोकावून विचारलं, “डबा संपवलास ना?”

“संपवला,” मी म्हटलं, आणि चष्मा काढून त्यांच्यापुढे धरला.