माझ्या पोटातली रजई

बसा असे जवळ. मी पियानो आहे, भिंतीला पाठ लावून उभा राहणारा. माझं बोलणं जरा सावकाश असतं, घाई करू नका.

माझं लाकूड सुतारानं फार धीरानं वाळवलं. तारा ओढताना तो म्हणाला होता, "ताण सोसलास तरच गाशील, बाबा." सोसला मी. पुढे एका डॉक्टरांच्या घरी गेलो. तिथे माझ्या डोक्यावर फुलदाणी असायची, चष्मे असायचे, वाजवणारं कुणी नसायचं. मग एका बसड्रायव्हरनं मला लेकीसाठी आणलं. मी जिन्यात अडकलो तेव्हा त्याची बायको म्हणाली, "आता हा आत येणार, की आपण बाहेर राहायचं?"

लेक चणीनं बारीक. बाप तिला मुंगी म्हणायचा. पण मला बोलतं केलं ते या मुंगीनंच.

ती मोठी झाली आणि नृत्यशाळेत पियानो वाजवणाऱ्याची जागा निघाली. परीक्षेला नाचाची एक धून दिली होती. तिच्या मधोमध ऑक्टेव्हची धाव. म्हणजे एकच सूर खाली अंगठ्यानं आणि वर करंगळीनं एकदम दाबायचा, आणि असे जोडसूर भराभर वर चढवत न्यायचे. नाचणाऱ्यांची उडी त्याच सुरांवर. वाजवणारी मंदावली तर ते बिचारे हवेत लटकणार का? आणि मुंगी नेमकी तिथेच मंदावायची.

खालच्या मजल्यावरची नर्स रात्रपाळी करून दिवसा झोपायची. तिला त्रास नको म्हणून मुंगीच्या आईनं माझी पुढची फळी काढून आत रजई कोंबली. मन चांगलं हो, पण माझा गळाच दाबला गेला. मुंगीला स्वतःचं वाजवणं ऐकू येईना, म्हणून ती जोर लावायची. जोर लावला की मनगट ताठ व्हायचं आणि अर्ध्या धावेत हात भरून यायचा.

"अगं, वाजवतेस की धुणं आपटतेस?" आई म्हणायची.

"मग काय करू? हातच लहान आहेत माझे! नाहीच जात मी परीक्षेला."

एके दुपारी दार वाजलं. डोळे चोळत नर्स उभी.

"झोपमोड झाली का हो?" आई ओशाळली.

"झोप कसली! सूर खाली येतच नाहीत, नुसती ठकठक येते. तीही रोज एकाच जागी अडते आणि मी छताकडे बघत बसते, आता पुढे जाईल, मग जाईल! गाणं ऐकू द्या हो. गाण्यात मला झोप लागते."

आईनं रजई ओढली. तिच्याबरोबर एक हरवलेला मोजाही निघाला.

मुंगीनं पट्टी दाबली आणि माझ्या आवाजानं दचकलीच. मग जोर कशाला लागतोय? तिनं धाव आधी नुसत्या अंगठ्यानं वाजवली, अगदी सावकाश. मग नुसत्या करंगळीनं. मग दोन्ही मिळून, मनगट सैल सोडून, हात चेंडूसारखा आपसूक उसळू देत. दमली की थांबायची. वेग तिनं ओढून आणला नाही, तो आपणहून आला.

परीक्षेच्या दिवशी बाप कामावरचे कपडे न बदलता खिडकीत उभा. मुंगी परीक्षा देऊन आली ती बुटांसकट माझ्यापुढे बसली आणि सगळी धाव एका दमात वर घेऊन गेली. माझी तार न् तार शहारली.

"अगं, झालं काय ते सांग ना!"

"सोमवारपासून बोलावलंय, बाबा."

"म्हणजे गाडी सुखरूप पोचली!" म्हणत बाप मटकन खाली बसला.

आता ती शाळेतला तो मोठा, तीन पायांचा पियानो वाजवते. मला हेवा नाही. माझ्या पट्ट्या पिवळ्या पडल्यात, खर्जाची एक तार गुरगुरते. पण अवघड जागा आली की ती आधी माझ्याकडेच येते. टाळ्या तिकडे पडतात, घाम इथे गळतो.

तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी मुका उभा असेल, तर त्याचं झाकण उघडा एवढीच विनंती.

बरं, उठा आता. जिन्यात तिची पावलं वाजली. काहीतरी नवं अवघड घेऊन आली असणार, आणि ते मला जमवून घ्यायचं आहे.