छातीवरचं भोक

मित्रांनो, मी एक जुना लाकडी शिपाई आहे. कमरेला तलवार आहे, अंगभर खिळे आहेत, आणि खरं सांगायचं तर मी फार भित्रा आहे. नगरपालिकेच्या माळ्यावर पडून असताना जिन्यात बूट वाजले, की मी पावलं मोजू लागतो.

जन्माने मी शिपाई नव्हे, लिंडनचं झाड. १८७१ साली फ्रान्स हरला आणि आपली सगळी लहान राज्यं मिळून एक जर्मनी झाली. तेव्हा गावोगावी शांततेचं झाड लावलं गेलं. आमच्या चौकात मला लावलं. बेकरीवाल्याची सहा वर्षांची रोझीना रोज दुधाच्या किटलीतून मला पाणी घालायची. माझ्या सावलीत म्हाताऱ्यांच्या गप्पा रंगायच्या. फार सुखाचे दिवस होते ते.

१९१५ साली पुन्हा लढाई पेटलेली होती. जागोजागी लाकडी शिपाई उभे राहिले होते. पैसे भरायचे आणि त्यांच्या अंगात खिळा ठोकायचा. पैसे लढाईत मेलेल्यांच्या विधवांना जायचे. आपलं गाव मागे कसं राहील, असं म्हणत नगराध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, लाकूड ओलं आहे," सुतार क्नोडेल कुरकुरला. "दोन वर्षांत तडकेल."

"दोन वर्षं? अरे, नाताळच्या आत जिंकतोय आपण!"

"गेल्या नाताळलाही हेच म्हणाला होतात."

"तू आपली छिन्नी चालव!"

मला तोडलं आणि कोरून शिपाई केलं. खिळे ठोकायच्या दिवशी शाळेला सुट्टी होती, बँड होता. प्रत्येक घावाला मी थरथरत होतो आणि लोक टाळ्या वाजवत होते. रोझीनाही आली. तिचा एकुलता एक मुलगा ऑयगेन आघाडीवर होता. तिने त्याच्या नावाचा खिळा माझ्या छातीवर ठोकला. गावात समजूतच होती, खिळा घट्ट तर पोरगा सुखरूप.

क्नोडेलचं खरं झालं. तिसऱ्या हिवाळ्यात माझ्या छातीला चीर गेली आणि ऑयगेनचा खिळा हलू लागला. रोझीना रोज सकाळी येऊन तो अंगठ्याने दाबायची.

"धरून ठेव रे बाबा," ती पुटपुटायची. "मी पाणी घातलंय तुला."

मी जिवाच्या आकांताने धरत होतो. पण वाळतं लाकूड आकसतं, त्याचं काही चालत नाही. मार्चमधल्या एका सकाळी खिळा तिच्या पायाशी पडला. तिने तो कणकेचा गोळा लावून पुन्हा बसवला. चार दिवसांनी पोस्टमन बेकरीच्या दारात आला आणि टोपी काढून उभाच राहिला. त्या संध्याकाळी रोझीनाने खिळा उपटून नेला. खिळा पडल्याने माणूस मरत नाही, हे मला कळतं. तरीही त्याला मीच सोडलं, असं वाटत राहतं.

आपण लढाई हरलो आणि मी माळ्यावर गेलो. बरीच वर्षं कुणी फिरकलं नाही. काल मात्र बूट वाजले. नव्या राजवटीचे, तपकिरी सदऱ्यातले चार तरुण आले.

"हा तर अजून धडधाकट आहे! छातीवर नव्या खिळ्यांना जागा बघ किती!"

"उद्याच चौकात उभा करू."

त्यांच्या मागून धापा टाकत रोझीना आली. आता सत्तरीला टेकली आहे.

"जागाबिगा काही नाही तिथं," ती म्हणाली. "मला द्या तो. भट्टीत घालते."

"आजी, देशाची वस्तू आहे ही."

"झाड मी वाढवलं. पोरगाही मीच वाढवला होता. देशानं काय वाढवलं रे?"

ते हसले आणि तिला दंडाला धरून खाली घेऊन गेले.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू म्हणतात, आमची धूळ पुसा, आम्हाला जपा. माझी विनंती उलटी आहे. उद्याच्या आत या आणि मला रोझीनाच्या भट्टीत न्या. आता मी चांगला वाळलो आहे. माझ्यावर पाव छान भाजतील. तुम्हाला उशीर झाला, मी चौकात उभा असलो आणि कुणी तुमच्या हातात हातोडा दिला, तर एवढंच करा. आधी माझ्या छातीवरच्या भोकात अंगठा घालून बघा.