बोंडाशिवाय नाव नाही

आमच्या चिटगुप्प्याच्या मिशनमधल्या पाद्रीबाबांना देवाखालोखाल वेड शेवाळाचं आणि नेच्यांचं. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीतही ते झऱ्याच्या कपारीत भिंग लावून बसलेले. त्यांनी धाडलेले दोन नेचे विलायतेतल्या विद्वानांना नवे वाटले, हे सांगतानाही लाजायचे. पण देवळामागच्या बारवेतलं एक शेवाळ कुणालाच ओळखू येईना.

"बोंड पाहिजे, शरणम्मा. बोंडाशिवाय नाव नाही," ते मला म्हणायचे. शेवाळाची जात पिकल्या बोंडावरूनच ओळखतात.

त्यांची बदली ठरली, आणि त्याच श्रावणात त्या शेवाळावर मोहरीएवढी बोंडं धरली. पिकायचीच काय ती बाकी होती.

बारवेचं पाणी नेऊन गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा होईस्तोवर बोलायचं नाही, हा माझा रोजचा नेम. सोमवारी घागर घेऊन उतरले, तर पायऱ्या झाडणारी यल्लम्मा नेमकं तेच शेवाळ नारळाच्या शेंडीनं घासत होती. मी जोरानं हात हलवला.

"तिकडं पण? घासते की, अक्का."

मी तिचं मनगट धरलं.

"सरका, निसरडं हाय. पडाल."

एवढासा पुंजका उरला होता. मला राहवलं नाही. "शिवशिवा! थांब गं!"

बारवेवर माझा आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता. ती दचकली, बादली कलंडली आणि तो पुंजकाही वाहून गेला.

"कामून ओरडायलाव? बाबांनीच सांगितलं की. 'बाई, शेवाळाला राख.' चांगली गोवरीची चाळून आणली!"

बाबा मराठी शिकले प्रार्थनेच्या पुस्तकातून. देवाला तू, म्हणून पाटलालाही तू, यल्लम्मालाही तू. 'राखा' म्हणाले असते तर! यल्लम्मा कानडी घरची. तिच्या लेखी राख म्हणजे चुलीतली.

बाबा आले. राखाडी पाण्यात हात घालून बराच वेळ चाचपडले. मी सांगितलं तेव्हा म्हणाले, "राख म्हणजे दोन्ही?"

"दोन्ही, बाबा."

"अजून लागली तर सांगा," यल्लम्मा म्हणाली.

ते नमुन्याच्या रिकाम्या डबीनिशीच बदलीच्या गावी गेले. माझा नेम मोडला तो मोडलाच, उपयोग काडीचा नाही.

पुढच्या श्रावणात, राखेनं म्हणा की कशानं, शेवाळ दुप्पट आलं. बोंडं धरली, पिकली, फुटून उडाली. घागर काखेत घेऊन मी बघत राहिले, तोंड मिटून.