कूलचा पाचवा अर्थ

अकोल्यात मे महिन्यात दुपारी दोनला पत्र्याखाली वर्ग भरवणारा माणूस एक तर येडा असतो, नाहीतर डांबिस. आमचे शेखर सर येडे नव्हते.

जठारपेठेतल्या त्यांच्या क्लासमध्ये मी बायकांना इंग्रजी बोलायला शिकवते. एप्रिलपर्यंत आम्ही खाली, कूलरच्या खोलीत बसायचो. मग ती खोली स्पर्धा परीक्षेच्या पोरांना दिली आणि आम्हाला वर हाकललं. "शनिवारी दहापेक्षा कमी दिसल्या तर बॅच बंद," सर म्हणाले. मी भांडायला लागले तर हसले. "कूल, गजाला मॅडम, कूल!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर जाऊन मी तोच शब्द फळ्यावर लिहिला. "एका शब्दाचे अर्थ पाहा किती. गार. शांत डोक्याचा. झकास. आणि चौथा, घरी आलेल्याला पाणीही न विचारणारा."

मनकर्णाबाई पदराने वारा घेत म्हणाल्या, "बाकीचे समजले, मॅडम. पन पयला कुठी हाये इथं?"

सगळ्या हसल्या. पण दुसऱ्या दिवशी सातच जणी आल्या.

त्या सातांत हलीमाबी होती. पन्नाशीची, धान्याच्या मोंढ्याजवळ फाटकं बारदान शिवणारी. नातवाच्या शाळेत मोठ्या बाई इंग्रजीत बोलल्या आणि ही मान खाली घालून परत आली, म्हणून इथे आलेली. दोन महिन्यांत वर्गाबाहेर एक इंग्रजी वाक्य तिच्या तोंडून निघालं नव्हतं. बॅच बंद झाली असती तर ती मान तशीच राहिली असती. मला ते नको होतं.

रिकाम्या जागांकडे पाहून हलीमाबी म्हणाली, "उद्या बारा वाजताच या साऱ्या. न आलेल्यायलेबी सांगा. एकेक बादली पानी वर आना."

दुसऱ्या दिवशी तिने ऑटोतून बारदानाचा गठ्ठा, सुतळी आणि दाभण आणलं. आम्ही पोती उसवली, जोडली, तिन्ही खिडक्यांना आणि दाराला पडदे टांगले आणि भिजवले. बाहेरची झळ त्यातून गार होऊन आत येऊ लागली, ओल्या तागाचा वास घेऊन. दर पंधरा मिनिटांनी एकीने उठून पाणी मारायचं आणि मारताना काय करतेय ते इंग्रजीत सांगायचं, असा मी नियमच केला. शनिवारी बारा जणी होत्या.

सर मोजायला आले आणि खिडकीसमोर उभेच राहिले.

"वा! खाली कूलरची मोटर जळली. सोमवारपासून पोरं इथं बसवतो. तुमची बॅच दिवाळीनंतर पाहू."

"सर, तुम्ही दहा म्हणाला होता. या बारा आहेत."

"कूल, मॅडम, कूल!"

मी खडू उचलला आणि बायकांकडे वळले. "पाचवा अर्थ लिहून घ्या. दुसऱ्याला तव्यावर बसवून वरून सांगायचा शब्द."

बाराही वह्या उघडल्या. सरांचा चेहरा उतरला.

हलीमाबी उठली आणि तिने पहिला पडदा काढला. "खोली तुमची हाये, सर. ठिवा. बारदान आमचं हाये."

"अहो, हे काय करून राहिल्या तुमी?"

बाकीच्याही उठल्या. पाच मिनिटांत खिडक्या उघड्या पडल्या आणि खोलीची भट्टी झाली. मीही निघाले. नोकरी गेली हे मला ठाऊक होतं, आणि खरं सांगते, वाईट वाटलं नाही. खडू तेवढा पर्समध्ये टाकला. तो माझ्या पैशाचा होता.

डोक्यावर ओली पोती घेऊन आम्ही जिना उतरायला लागलो. सर धावत आले, आमच्या पुढे झाले आणि जिना अडवून उभे राहिले. "चालल्या कुठी, ते तरी सांगा!"

हलीमाबी सगळ्यांत पुढे होती. खालच्या खोलीतली पोरं दारात येऊन बघत होती. तिने पोतं सावरलं, मान वर केली, सरांच्या डोळ्यांत पाहिलं.

"वुई आर गोइंग टू अवर क्लास."

सर भिंतीला सरकले.