लिनवुडच्या खुर्चीची शेजारीण

मित्रांनो, टोलिव्हर गावात कोणालाही विचारा, लिनवुडची खुर्ची कुठे आहे? शेंबडे पोरही तुम्हाला इझेल पेटवेच्या केशकर्तनालयात आणून सोडेल. खिडकीपाशी, लाल चामड्याची, हातावर पितळी पट्टी ठोकलेली, ती लिनवुडची खुर्ची. मी तिच्या शेजारची. मला बघायला कोणी येत नाही. आलेच, तर माझ्यावर कोट टाकायला येते.

मीही एक जुनी खुर्ची आहे आणि जुनेपणात तिच्यापेक्षा तसूभरही कमी नाही. शिकागोच्या एका कारखान्यात आम्ही दोघी एकाच दिवशी तयार झालो. लोखंड एकाच भट्टीतले, चामडेही बहुधा एकाच जनावराचे. एकाच लाकडी खोक्यात, पेंढ्यात गुंडाळलेल्या अशा आम्ही मालगाडीने अलाबामात आलो. इझेलच्या वडिलांनी खोके उघडले तेव्हा आमच्यातली कोणती कोण हे त्यांनाही सांगता आले नसते. जी आधी हाताला लागली तिला त्यांनी खिडकीकडे ठेवले. दुसरीला, म्हणजे मला, भिंतीकडे सारले. आमच्यातला सगळा फरक एवढाच होता.

सुरुवातीची वर्षे चांगली गेली. दांडा दाबला की मी अलगद वर जात असे आणि पाठ मागे रेलवली की दाढी होईपर्यंत माणूस घोरू लागे. गावच्या पाद्रीबाबांनी तर चारचौघांत सांगितले होते की, अशी झोप दुसरीकडे कुठे लागत नाही. लोक हेच त्यांच्या प्रवचनाबद्दल म्हणत, ही गोष्ट वेगळी. पण मित्रांनो, मला मिळालेली ती पहिली आणि शेवटची शाबासकी होती, म्हणून जपून ठेवली आहे.

मग तो शनिवार उगवला.

आमच्या गावात पूजा दोनच गोष्टींची होते. रविवारी देवाची आणि शनिवारी टोलिव्हर कॉलेजच्या फुटबॉलची. हा फुटबॉल लाथाडायचा नसतो, काखेत मारून पळायचा असतो. त्या दिवशी नदीपलीकडच्या कॉलेजशी सामना होता. सकाळी संघातले दोघे केस कापायला आले. एक होझिया टब्ज. हा इतका थोराड की दारातून तिरका होऊन आत शिरे. पुढे राहून समोरच्यांना आडवे करायचे आणि वाट काढून द्यायची, हे त्याचे काम. दुसरा लिनवुड बॅटल. सडपातळ, देखणा, चेंडू घेऊन पळणारा तो हा.

दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. लिनवुड दारातून सरळ माझ्याकडे आला, हे मी शपथेवर सांगते. माझ्या हातावर त्याचा हात पडणारच होता, इतक्यात तो थबकला आणि होझियाला म्हणाला, “तू हो पुढे. मी आहे मागे.”

होझिया पुढे झाला आणि धपकन माझ्यात बसला. माझे सगळे सांधे कुरकुरले. लिनवुड खिडकीकडच्या खुर्चीत जाऊन बसला.

दुपारी दुकानातल्या रेडिओवर आम्ही दोघींनी सामना ऐकला. हरल्यात जमा होतो. शेवटच्या घटकेला लिनवुडच्या हाती चेंडू आला आणि तो मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत गेला. सांगणाऱ्याचा आवाज फुटला, गावातल्या सगळ्या गाड्यांचे भोंगे वाजू लागले. पुढच्या आठवड्यात इझेलने खिडकीकडच्या शेजारणीच्या हातावर पितळी पट्टी ठोकली, ‘येथून उठून लिनवुड बॅटल मैदानावर गेला.’

तेव्हापासून माझ्या अंगाचा जो तिळपापड होतो आहे, तो आजतागायत. परीक्षेला जाणारा विद्यार्थी तिच्यात बसे, लग्नाला उभा राहणारा नवरदेव तिच्यात बसे. मी रिकामी असले तरी लोक भिंतीला टेकून तिच्यासाठी ताटकळत. तिचे चामडे दोनदा नवे झाले. माझी बैठक उसवली तेव्हा इझेलने तिच्यावर काळी चिकटपट्टी लावली. उन्हाळ्यात ती पट्टी सुटून गिऱ्हाइकाच्या विजारीला चिकटायची आणि लोक मलाच शिव्या द्यायचे. पितळ घासायला मात्र दर शनिवारी लिंबू यायचे. लिंबाचा तो वास मला सोसत नसे. तिने काय केले होते? ती नुसती तिथे उभी होती. मीही उभीच होते.

आणि खोटे कशाला बोलू, सगळ्यात जास्त राग मला होझियाचा होता. तो अधेमधे कडमडला नसता, तर पट्टी माझ्या हातावर असती. दैव देते आणि कर्म नेते म्हणतात. माझे दैव या धिप्पाड माणसाने बुडाखाली घेतले होते.

लिनवुड पुढे डेट्रॉइटला गेला, तिकडेच राहिला. होझिया गावातच राहिला. शाळेची बस चालवू लागला, टक्कल पडले, तरी दर पंधरा दिवसांनी दाढी नीट करून घ्यायला यायचा आणि न चुकता माझ्यातच बसायचा. शनिवारी दुकानात वाद रंगायचा, टोलिव्हरचा आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण? लिनवुडची बाजू पर्व्हिस घेई. हा निवृत्त पोस्टमन, उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन यायचा आणि टरफले माझ्या पायठेवणीवर टाकायचा. त्याच्याविरुद्ध गेदर मास्तर. त्यांचा देव गस बेल, फार पूर्वीचा, त्यांच्या लहानपणचा.

“गस बेल खांद्याचं हाड मोडलेलं असताना चार सामने खेळला,” मास्तर म्हणायचे. “तुझा लिनवुड एकदा पळाला आणि जन्मभर त्यावर मिरवला.”

“चार का मास्तर? गेल्या वर्षी तीन होते,” पर्व्हिस शेंग फोडत म्हणायचा. “हाड अजून मोडतंच आहे वाटतं.”

मग कोणीतरी होझियाकडे वळायचे. तू तर मैदानात होतास, तू सांग, लिनवुड कसा पळाला? होझियाचे उत्तर ठरलेले असे. “मला काय विचारता? माझं तोंड मातीत होतं. मी काहीच बघितलं नाही.”

सगळे हसायचे आणि वाद पुन्हा लिनवुड आणि गसवर जायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा. होझियाही हसायचा. पण मित्रांनो, मी खुर्ची आहे. माणसाचा चेहरा मला नीट दिसत नाही, त्याचे हात मात्र माझ्या हातांवर असतात. लिनवुडचे नाव निघाले की त्याची बोटे माझ्या हातात अशी रुतायची की तिथले चामडे झिजून आतले लाकूड दिसू लागले. तेव्हा मला कळले की या दुकानात जळणारे आम्ही दोघे आहोत. त्याने माझा राग थोडा कमी व्हायला हवा होता. झाला नाही.

इझेल वयाने थकला तशी त्याची भाची व्हर्निटा दुकान पाहू लागली. मुलगी हुशार. तिला बायकांचे केस धुवायला एक मोठे बेसिन बसवायचे होते आणि जागा नव्हती. “मामा, या दोघींतली एक जायला हवी,” ती म्हणाली. कोणती, हे तिने सांगितले नाही आणि इझेलने विचारले नाही. जुने विद्यार्थी दरवर्षी ज्या शनिवारी गावात परत येतात, कॉलेजचे माहेरपणच ते, तेवढा शनिवार पार पडला की सोमवारी भंगारवाला मला न्यायला येणार होता. शेजारणीला त्याच आठवड्यात तेलपाणी झाले.

त्या शनिवारी सकाळी दुकान माणसांनी फुलले होते. होझिया माझ्यात बसला होता. दार उघडले आणि ओडेसा बॅटल नवऱ्याला हाताला धरून आत आली. लिनवुड परत आला आहे, मेहुणीच्या घरी राहतो आहे, एवढे सगळ्यांनी ऐकले होते. दुपारी मैदानावर त्याच्या नावाचा पुकारा व्हायचा होता. सगळे उठून उभे राहिले, टाळ्या वाजल्या. लिनवुडने टाळ्यांकडे पाहिले आणि तो बायकोच्या मागे सरकला.

मी त्याला ओळखले नाही. केस रानासारखे वाढलेले, डोळे कुठेच न ठरणारे. ओडेसा इझेलला हलक्या आवाजात म्हणाली, “तेव्हा खेळताना डोक्याला बसलेले मार आता वर आलेत. कित्येक महिने डोक्याला हात लावू देत नाहीत. आज लोकांसमोर असं न्यायचं जिवावर येतं, म्हणून तुमच्याकडे आणलं.”

“वहिनी, काळजी करू नका,” पर्व्हिस म्हणाला. त्याने लिनवुडला मोठ्या कौतुकाने खिडकीकडे नेले आणि पितळी पट्टी दाखवली. “बघ, तुझीच खुर्ची. नाव वाच.”

लिनवुडने वाकून नाव वाचले. अक्षर अन् अक्षर नीट वाचले. मग विचारले, “हा कोण?”

पर्व्हिसच्या हातातली पिशवी तशीच राहिली. इझेलने धीर करून त्याला बसवले आणि पांढरी चादर झटकली. वरून येणारे ते पांढरे पाहून लिनवुड ओरडला, चादर फेकून उठला आणि दार शोधू लागला. ओडेसाच्या डोळ्यांना धार लागली. आणि मित्रांनो, त्या क्षणी माझ्या मनात काय आले सांगू? आले की, बरे झाले, तुझ्यातून उठला एकदाचा. इतकी मी जळकी.

दार शोधता शोधता लिनवुडला आरशात होझिया दिसला. तो थांबला. सावकाश आमच्याकडे आला आणि माझ्या पाठीवर त्याने हात ठेवला. आयुष्यभर मी ज्या हाताची वाट पाहिली तो हात, पाखरासारखा थरथरत होता.

“तू हो पुढे,” तो म्हणाला. “मी आहे मागे.”

होझियाची बोटे माझ्या हातांत रुतली होती. ती सुटली. त्याने मागे वळून पाहिले नाही. आरशातच पाहत म्हणाला, “इझेल, माझे केस काप.”

“तुझ्या डोक्यावर आहे काय कापायला?”

“जे आहे ते काप. त्याला दिसू दे.”

इझेलने होझियाला चादर पांघरली आणि मशीन त्या गुळगुळीत टकलावरून नीट, गंभीरपणे फिरवू लागला. एरवी दुकान हसून लोळले असते. लिनवुड माझ्यामागे उभा राहून बघत होता. बघता बघता त्याचा हात शांत झाला. मग तो आपण होऊन गेला आणि खिडकीकडच्या खुर्चीत बसला. व्हर्निटाने हळूच चादर घातली, कात्री उचलली.

“होझिया,” त्याने विचारले, “पुढे आहेस ना?”

“आहे.”

व्हर्निटाने पहिली बट कापली.

गेला, पुन्हा तिच्याकडेच गेला. मला रडू आले असते, पण खुर्च्यांना ती सोय नाही. फक्त होझियाचे हात माझ्या हातांवर होते आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते सैल पडले होते.

लिनवुडचे केस झाले. ओडेसाने त्याची कॉलर सारखी केली आणि ती त्याला घेऊन मैदानाकडे निघाली. होझिया पुढे चालला होता. दारात पर्व्हिसने त्याला थांबवले आणि खाली बघत विचारले, “होझिया, खरंच तुझं तोंड मातीत होतं?”

“होतं,” होझिया म्हणाला. “पण त्याचा पाय माझ्या पाठीवर पडला, तो कळला. म्हटलं, गेला हा.”

सोमवारी भंगारवाला आला. व्हर्निटाने त्याला दारातूनच परत पाठवले. “या खुर्चीला गिऱ्हाईक आहे,” ती म्हणाली. बेसिन मागच्या खोलीत गेले. तिथे बायकांना जरा अडचण होते, पण त्या चालवून घेतात.

आता दर पंधरा दिवसांनी दोघे येतात. होझिया माझ्यात, लिनवुड तिच्यात. वाद मिटला असे समजू नका. मास्तर अजून गस बेलवर अडून आहेत आणि त्याचे मोडक्या हाडाचे सामने आता पाच झाले आहेत. पर्व्हिस अजून लिनवुडचेच नाव घेतो, फक्त टरफले आता खिशात भरतो. पितळी पट्टी तिच्याच हातावर आहे, दर शनिवारी लिंबू येते आणि तो वास मला आजही सोसत नाही. असूया इतक्या सहज जात नाही, मित्रांनो, निदान माझ्यासारखीची तरी नाही.

तुमच्याही गावात असे वाद रंगत असतील. मोठ्यांची नावे खुशाल घ्या. पण घेताना शेजारच्या खुर्चीत कोण गप्प बसले आहे तेवढे एकदा बघा. आणि ती खुर्ची फाटली असेल, तर काळी चिकटपट्टी लावू नका. दोन टाके घाला.

मला अजून कोणी घातलेले नाहीत. पण चादर पांघरली की शेजारून तो घाबरा आवाज येतो, “पुढे आहेस ना?” होझिया माझ्या झिजल्या हातांवर हात टेकतो, “आहे,” म्हणतो, आणि मगच तिच्याकडची कात्री चालू होते.