पैनगंगेचा नाकेदार

बसा पाहुणे, बैलं सोडा त्या कडुलिंबाखाली. ऊन कलल्याबिगर नदीची रेती तुडवू नोका, पाय भाजते. तवरोक तुमाले महिपतची गोष्ट सांगतो. मी डोमाजी, त्याचा शेजारी. डोयानं पायलं थेच सांगीन.

हे पडके भितडे दिसते ना, हा निजामाचा करोडगिरीचा नाका. पल्याड इंग्रजाचं वऱ्हाड, अल्याड निजाम. पल्याडून कोरं कापड आणलं का महसूल भरा. दारोगा शिक्का मारे, महिपत शिपाई गठुडे सोडून पाहे. बाया नवं लुगडं जुन्याच्या आत नेसून येत. महिपत म्हणे, "काऊन वो बाई, बजारात जाऊन लयच जाड झाली!" सारे हासत. पण सुटे कोणी नाही.

आपल्याकडं बाई मेली का तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं. आमच्या गावच्या जयवंताबाईची माय गेली, तवा तिच्या मामानं पल्याडून लुगडं आणलं. शिक्का नाही म्हणून महिपतनं थेबी अडवलं. गावानं लय शिव्या घातल्या त्याले.

मंग त्याचीच बायको गेली, बयनाबाई. पोरगी मनकर्णा तवा रांगत होती. मीच पल्याड जाऊन बयनाबाईच्या भावाले, चंपतरावले, घेऊन आलो. काखेत हिरवं लुगडं. नाक्यावर नवा शिपाई. थो म्हणे, "दारोगा आदिलाबादले गेला. शिक्क्याबिगर कोरं कापड सोडता येत नाही."

चंपतराव मले म्हणे, "दाजीले सांगा, एक शब्द टाका म्हणा."

मी पयत आलो. महिपत मयताच्या उशाशी बसला होता.

"डोमा, जयवंताबाईच्या मायचं मी अडवलं. माह्या बायकोचं कोण्या तोंडानं सोडू?"

"अरे, बायको हाये तुही!"

"थेच तं."

जयवंताबाई तिथंच होती. थे रडत म्हणे, "सोडा ना भाऊ! मी काई म्हणत नाही!" त्यानं शब्द टाकला नाही.

सांजेलोक वाट पायली. दारोगा आला नाही. घरचंच जुनं लुगडं घातलं अन् नेलं. चंपतराव तिकडं नाक्यावरच बसून. रिकाम्या हातानं भनीचं तोंड पाह्याले तयार नाही. गावाकडून धूर दिसला, तसा उठला अन् नदी उतरून गेला.

पुढं पोलीस ॲक्शन झालं, निजाम गेला, काई वर्सानं नाकाबी उठला. दारोगा जाता जाता म्हणे, "महिपत, अब माल पे नहीं, आमदनी पे टैक्स. अमरीका में भी ऐसाच हुआ. पहले बंदर के नाके पे सरकार चलती थी. आपस में लड़ाई हुई, खजाना कम पड़ा, तो आमदनी पे लगाया. फिर उठाया, फिर लगाया, आखिर कायम किया."

 मंग महिपतनं पुसलं, "साब, वहाँ मयत का कपडा छोडते थे क्या?"

दारोग्यानं आपली पेटी उचलली. "मालूम नहीं, भाई."

मी महिपतले म्हणलं, "तुले टॅक्सची भीती नाही लेका, कमाईच नाही आता!" हासला नाही. तवापासून कोणाच्या वाटंलेबी उभा राह्यत नाही थो.

गेल्या दिवाळीले हैदराबाद राज्य मोडलं. आमी आंध्रात, तुमी मुंबई राज्यात. अन् मनकर्णाचं लगन ठरलं. महिपत अक्षत घेऊन चंपतरावच्या दारी गेला, संगं मीबी. चंपतरावनं पाणी दिलं, पाट दिला. मंग म्हणे, "दाजी, नाका सरकारनं उठवला. तुमी अजून तिथंच उभे आहा." अक्षत पाटावर तशीच राह्यली.

वाजंत्री ऐकू येते ना? थे त्यायच्याच दारची. लगन आज सांजेलेच हाये. पोरीच्या पाठीशी मामा उभा राहते, तुमाले काय सांगू. महिपत कोणाले म्हणणार नाही. पोरगी सकायपासून नदीच्या वाटंकडं पाहून राह्यली.

तुमी पल्याडचे. गाव तुमाले ओयखत नाही, कोणी पुसणारबी नाही. बैलायले वैरण मी टाकतो. घडीभर तिच्या मागं उभे राहता का, पाहुणे?