मे महिन्यात बसवलेलं झाकण

निहारच्या जॅकेटची गोष्ट नेत्राच्या माहेरी प्रत्येक लग्नात सांगितली जायची आणि सांगणारा खुद्द निहारच असायचा.

"बोटीवर जाताना यज्ञेशरावांकडे ठेवलं होतं. परत येऊन बघतो तर चामड्याला पालवी फुटलेली!"

पंगत हसायची आणि यज्ञेश मठ्ठ्याच्या पेल्यात बघत बसायचा. रत्नागिरीच्या पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याला बुरशी येतेच, त्यात त्याचा काय दोष, असं कुणी म्हणत नसे. त्याची बायको नेत्राही नाही. मेव्हणा वयाने मोठा, बोटीवर चीफ ऑफिसर आणि वर विनोदी. अशा माणसाशी भांडून कोण जिंकलंय?

म्हणूनच एप्रिलात निहारने सिगारची जुडी पुढे केली तेव्हा यज्ञेशने नाही म्हणायला हवं होतं.

"आमच्या कॅप्टनने निवृत्त होताना दिलेत," निहार म्हणाला. "ठाण्याच्या घरी ठेवायची सोय नाही. बायको तंबाखूचा वासही शिरू देत नाही. गणपतीला येईन तोवर माझीही बढती झालेली असेल, तेव्हा पेटवू. ठेवाल ना? की..."

त्याने वाक्य तिथेच सोडलं. पुरं करायची गरज नव्हती.

"ठेवतो," यज्ञेश म्हणाला. "जसेच्या तसे परत मिळतील."

यज्ञेशला स्वतःला सुपारीचंही व्यसन नव्हतं. तो कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होता आणि मोजता येतं ते सांभाळता येतं, अशी त्याची श्रद्धा होती. त्याने व्हिडिओ पाहिले. सिगार फार कोरडा झाला तर भुगा होतो, फार ओला झाला तर बुरशी येते. त्यासाठी लाकडाची घट्ट झाकणाची पेटी लागते आणि आतली हवा किती दमट आहे ते दाखवणारा काटा. तयार पेटी मागवता आली असती, पण विकतच्या पेटीने जॅकेटचा डाग धुतला गेला नसता.

मागच्या वादळात परसातला फणस पडला होता. त्याच्या चिरून घेतलेल्या फळ्या माळ्यावर होत्या. नेत्राने त्या स्वयंपाकघरातल्या मांडणीसाठी राखल्या होत्या.

"उरलेल्यांची करतो ना मांडणी," यज्ञेश म्हणाला.

"उरलेल्यांची? दादाच्या विड्यांना फणसाचा बंगला आणि माझे डबे जमिनीवर!"

"विड्या नाहीत त्या."

"पेटवून धूर काढतात ना? मग विड्याच."

सगळा मे महिना तो पडवीत करवत आणि रंधा घेऊन बसला. अंगणात नेत्राची आंबापोळी वाळत होती. फणसाचा भुसा पिवळा, आंबापोळीही पिवळी. कुणाला काही दिसलं नाही, दाताखाली आल्यावर कळलं. त्यानंतर दोन दिवस नवरा-बायकोचं बोलणं यज्ञेशच्या आईच्या मार्फत चाललं.

पण पेटी झाली, आणि झाली ती नामी. आतून पातळ फळ्यांचं अस्तर, त्याची कड चारी बाजूंनी थोडी वर आलेली, आणि त्या कडेवर झाकण असं बसायचं की मध्ये कागद सरकायचा नाही. सोडलं की धाडकन पडायचं नाही, आतल्या हवेवर तरंगत, हळूच सुस्कारा टाकत खाली यायचं. उत्तम पेटीची खूण हीच, असं व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं होतं. यज्ञेशने ते आईला दहा वेळा करून दाखवलं.

"छान आहे रे," आई म्हणाली. "पण इतकं घट्ट? थोडी जागा सोडायचीस."

"जागा सोडली तर हवा शिरेल ना, आई. हवा शिरू नये म्हणूनच पेटी आहे."

"बरं हो," आई म्हणाली आणि तिने न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं.

ते दार मागच्या जुलैत फुगून अडकलं होतं. दसऱ्यापर्यंत थांब, असं आई म्हणत असताना यज्ञेशने चिडून ते तासलं. पाऊस संपला, लाकूड आटलं आणि कडी खाचेपर्यंत पोचेना. तेव्हापासून घरातला प्रत्येक माणूस आंघोळीला बसताना दाराला आतून पाण्याने भरलेली बादली लावत होता. पण दार वेगळं आणि पेटी वेगळी. दार सुताराने केलं होतं, पेटी मोजून केली होती.

जून लागला. नवी पेटी वापरण्याआधी आतून ओल्या फडक्याने पुसावी, म्हणजे लाकूड पाणी पिऊन शांत होतं, असं व्हिडिओत होतं. यज्ञेशने प्रयोगशाळेतून शुद्ध पाण्याची बाटली आणली. बाहेर धो धो कोसळत होतं. बरणीतल्या मिठाला पाणी सुटलं होतं, काड्यापेटीतली काडी पेटत नव्हती.

"काय करतोस?" नेत्राने विचारलं.

"लाकडाला ओल देतोय."

तिने एकदा खिडकीबाहेर पाहिलं, एकदा त्याच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं आणि काही न बोलता आत गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

पुसलेलं वरवर सुकल्यावर त्याने सिगार आत ठेवले आणि झाकण लावलं. ते नेहमीसारखं तरंगलं नाही, जरा दाबावं लागलं. आठवड्याने बघायला गेला तर उघडेना. आतल्या अस्तराची कड फुगून झाकणात रुतून बसली होती.

मग त्याने सगळं करून पाहिलं. नेत्राच्या केस वाळवायच्या यंत्राने पेटी शेकली. फटीत मेण घासलं. फ्रिजच्या मागे, जिथे थोडी ऊब असते, तिथे ठेवली. बाहेरून तासायचं तर फुगलेली कड आत होती. पटाशीने उचकटायचं तर कड मोडणार, हवा शिरणार आणि मग पालवीच. समोरच्या फळीवर बसवलेला काटा अठ्ठ्याहत्तरवर होता. जुलैतही अठ्ठ्याहत्तर, ऑगस्टातही अठ्ठ्याहत्तर. आतली हवा खरंच स्थिर होती की काटाच गंजला होता, हे पेटी उघडल्याशिवाय कळणार नव्हतं.

निहार गणपतीच्या आदल्या दिवशी रेल्वेने उतरला, बढती घेऊनच. दुसऱ्या दिवशी आरती झाली, मोदकांचं जेवण झालं आणि पडवीत चटई टाकून तो ऐसपैस बसला.

"हं, यज्ञेशराव. आणा."

यज्ञेशने पेटी आणून समोर ठेवली. निहारने ती फिरवून पाहिली, नखाने टिचकी मारली. "तुम्ही केलीत? वा! झकास." मग त्याने झाकण उचलायला हात घातला. पेटीच वर आली. त्याने पेटी गुडघ्यांत धरून जोर लावला. चेहरा लाल झाला, झाकण हललं नाही.

"चावी असते का हिला?"

"फुगलंय," नेत्रा म्हणाली. "जूनपासून."

"म्हणजे जूनपासून आत काय चाललंय ते..."

"माहीत नाही," यज्ञेश म्हणाला.

निहारच्या ओठांवर जॅकेटची गोष्ट आली, ती सगळ्यांना दिसली. "मग पटाशी आणा की! दोन दणक्यांत मोकळं. मला परवा निघायचंय."

यज्ञेश उठला. पटाशी घेऊन आला, टोक फटीवर ठेवलं आणि तसाच थांबला. एक ठोका, की कळेल. पालवी असेल तर ती गोष्ट जन्मभर पुरेल.

"नाही फोडणार," तो म्हणाला.

"अहो पण..."

"दसऱ्यानंतर उघडेल. लाकूड आपणहून आटतं. मागच्या वर्षी दाराला घाई केली, तर दसऱ्यापासून मेपर्यंत बादली लावली!" त्याचा आवाज चढला. "जसेच्या तसे देईन म्हणालो होतो, दादा. उघडून देईन असं म्हणालो नव्हतो!"

निहार इतका हसला की आतून आई बघायला आली.

"ठीक आहे, बंगल्यासकट नेतो."

मुंबईच्या विमानतळावर त्याचे हाल झाले. पेटी उघडा म्हणाले, तो म्हणाला, तुम्हीच उघडा. तिघांनी प्रयत्न केला. शेवटी यंत्रातून दोनदा काढून त्यांनी ती सामानात जाऊ दिली. हे त्याने फोनवर सांगितलं तेव्हा यज्ञेशने फक्त "हं" केलं.

नंतर बरेच दिवस काही कळलं नाही. दसरा झाला, इकडे न्हाणीघराचं दार पुन्हा आटून सैल झालं. मग एका सकाळी, तो प्रयोगशाळेत लोलक पुसत असताना, फोनवर फोटो आला. बोटीवरची केबिन, टेबलावर पेटी, आणि झाकण उघडं. खाली निहारने लिहिलं होतं, "एसीच्या हवेत आज आपोआप सुटलं. वरच्या एकाला पालवी. बाकीचे सगळे जसेच्या तसे. एक ओढला. मानलं तुम्हाला."

यज्ञेशने तो मजकूर पुन्हा वाचला. लोलक खाली ठेवला. नेत्राला पाठवावा म्हणून बोट पुढे केलं, तेवढ्यात दुसरा संदेश आला.

"पण यज्ञेशराव, झाकण आता फारच सैल झालंय. बोट हलली की उघडतं. बादली लावू का?"

पुढच्या लग्नात काय ऐकायचंय ते त्याला तिथेच कळलं. निदान जॅकेट तरी सुटलं. त्याने लिहिलं, "तासू नका. जूनमध्ये इकडे आणा, बसेल," आणि लोलक पुन्हा पुसायला घेतला.